साहेबांच्या बारा शिड्या

शिड्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक वजनाने चांगले ब्याण्णव किलो होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. कामगार त्यांच्या माघारी त्यांना ‘वजनकाटा’ म्हणत. ते कानावर आलं तेव्हा, खोटं कशाला बोला, साहेब मनातून खूशच झाले होते. बायकोने जेवणाला कात्री लावायचा विषय काढला की ते म्हणत, “अगं, हे पोट नाही, कारखान्याचं यंत्र आहे. हे झिजलं तर माल कोण तपासणार?”

ही चेष्टा होती, पण निम्मीच. व्यवस्थापक झाले त्याच दिवशी त्यांनी दोन नियम केले होते. पहिला, संध्याकाळी पाचनंतर कुणालाही कामावर थांबवायचं नाही, कारण माणसाला घरदार असतं. दुसरा, कुठलीही खेप बाहेर पडण्याआधी तिच्यातल्या एका शिडीवर ते स्वतः चढणार, वरच्या पायरीवर तीन उड्या मारणार आणि मगच कागदावर सही करणार. ज्या शिडीवर आपण चढायला धजत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. नव्याने आलेल्या इंजिनियरांना हसू यायचं. हसेनात का!

दर मंगळवारी फोरमन खेपेतल्या बारा शिड्या भिंतीला टेकवून ठेवायचा. साहेब डोळे मिटून एकीवर हात ठेवायचे आणि चढायचे. फोरमन खाली शिडी घट्ट धरून उभा. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. फोरमन त्यांना दादा म्हणायचा, त्यांच्या घरी हक्काने जेवायचा. सख्खा भाऊ परदेशी जाऊन बसलेला, तेव्हा साहेबांच्या लेखी भाऊ म्हणजे हाच.

मग एका सकाळी एक मुलगी कापडी पिशवी घेऊन केबिनमध्ये आली. तिचे वडील रंगारी. शिडीवरून पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. ती भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिने पिशवीतून तुटलेली पायरी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “बाबा म्हणाले, त्यांना नेऊन दाखव. आणखी कुणी पडायला नको.”

पायरीच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी निघाली होती. टोपीखाली पायरी दांड्याला जखडणारे दोन रिव्हेट असायला हवेत. एकच होता. दुसऱ्याच्या जागी नुसतं छिद्र.

साहेब तडक गोदामात गेले. पाठवायला ठेवलेल्या शिड्यांच्या टोप्या त्यांनी एकामागून एक उचकटल्या. सगळीकडे एकच रिव्हेट. मग ते भिंतीला टेकवलेल्या बारा शिड्यांकडे वळले. दिवस मंगळवारचाच होता. तिथे प्रत्येक टोपीखाली दोन.

मागे फोरमन येऊन उभा राहिला होता.

“दर वेळी ह्याच बारा?” साहेबांनी विचारलं.

“हो दादा. पुसून पुन्हा लावायचो.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

साहेब तिथल्याच एका खोक्यावर बसले. “का रे?”

“तुम्ही एकदा पडलात, घोटा मुरगळला, आठवतं? पाय घसरला असं मीच सांगितलं तुम्हाला. पायरी निसटली होती. वहिनी रडल्या. म्हणाल्या, भाऊजी, यांना काही होऊ देऊ नका.”

“आणि एकच रिव्हेट मारायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?”

फोरमनचा आवाज चढला. “मालकांना रोजच्या दीडशे शिड्या तुम्ही कबूल केल्या. पाचला सुट्टीही तुम्हीच दिली. दोन्ही कसं बसवायचं ते आमच्यावर सोडलंत. तुमच्यासारख्या देवमाणसाला नाही कोण म्हणणार?”

ते ऐकून साहेबांना जास्त लागलं. म्हणजे अकरा वर्षं आपण लहान मुलासारखे उड्या मारत होतो आणि हे आपले लाड करत होते.

“अरे, मी पुन्हा पडलो असतो तर ती शिडी त्याच दिवशी बंद झाली असती,” ते म्हणाले. “तू मला सांभाळलंस आणि त्या रंगाऱ्याला वर चढवलंस.”

फोरमनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी तो बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा.

अर्ध्या तासाने त्यांनी भोंगा वाजवायला लावला. कामगार अंगणात गोळा झाले. अकरा वर्षांतल्या सगळ्या शिड्या परत मागवायच्या, वर्तमानपत्रात चूक छापायची, खाली नाव आपलं द्यायचं, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग तुटलेली पायरी हातात धरून रिव्हेटची गोष्टही सांगितली. आता गलका होईल, कुणीतरी फोरमनवर धावून जाईल, निदान एखादी बाई तोंडावर हात धरील, असं त्यांना वाटलं होतं.

कुणी हललं नाही. साहेब पहिल्या रांगेपासून बघत गेले. पत्रा कापणारे, रिव्हेट मारणारे, टोप्या बसवणाऱ्या मावशी, पार फाटकाजवळच्या पहारेकऱ्यापर्यंत. दीडशे माणसांत ते एकच चेहरा शोधत होते, ज्याला हे आज पहिल्यांदा कळत होतं.