नील, मी आणि आमची थाई गल्ली

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. सिंकखालच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर पडतात. माझ्याकडचे हे सगळे सकाळचे आहेत आणि सगळ्यांत माझा नातू आहे.

कॅनडात ग्वेल्फमध्ये माझ्या मुलाचं, अमेयचं, घर ज्या गल्लीत आहे तिथे आजूबाजूला सगळी थाई कुटुंबं. आधी एक आलं, त्यानं मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्यानं साडूला, अशी गल्ली भरत गेली. कोपऱ्यावर पा नॉयचं ग्रोसरीचं दुकान. 'पा' म्हणजे मोठी मावशी. मी बरेच दिवस ते तिचं आडनाव समजत होते.

अमेय आणि सूनबाई रिया भल्या सकाळी कामाला जातात, म्हणून नीलची सकाळ माझ्या वाट्याची. मी साताऱ्याच्या स्टँडवर जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या. आणि माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी गप्प! ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, हसतो, बोट दाखवतो, पण शब्द म्हणून नाही. त्यानं एकदा 'आजी' म्हणावं, एवढं एकच मला हवं होतं.

*

विंटरमध्ये मुलाला घराबाहेर काढणं हे एका माणसाचं काम नाही. थर्मल, स्वेटर, स्नोसूट, बूट, मिटन्स, टोपी. हे चालू असताना मी सवयीनं पुकारायची, "फलाट क्रमांक दोनवरची नील ही गाडी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी." नील खूश. पण शेवटची चेन ओढली की त्याचा चेहरा एकदम गंभीर व्हायचा. म्हणजे डायपर. गाडी परत डेपोत.

एकदा ओळीनं दोन वेळा असं झालं. मग मी गाडी रद्द झाल्याची घोषणा केली आणि आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसून केळं खाल्लं.

*

पा नॉयच्या दुकानात आम्ही रोज सकाळी जायचो. ती नीलसमोर वाकून विचारायची, "नाम?" मी सांगायची, "नील." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "नाम?" पुन्हा मी, "नील." मनात म्हटलं, बाई विसरभोळी दिसते. मग मी मोठ्यानं, स्टँडवरच्या आवाजात सांगायला लागले. शेल्फाशी उभी असलेली गिऱ्हाइकं दचकायची.

शेवटी तिनं माझ्याशी बोलणं सोडलं आणि हातातली बाटली सरळ नीलच्या तोंडाला लावली. थाई भाषेत नाम म्हणजे पाणी. पोरगं बिचारं घटाघटा प्यायलं.

*

भाषेचा हा घोळ एवढ्यावर थांबला नाही. मला पाहिलं की पा नॉय म्हणायची, "किन खाव रू यांग?" मला त्यातलं 'खाव' तेवढं ऐकू यायचं. म्हटलं, खाऊ मागतेय. रोज नीलला इतकं देते, मागितला एखाद दिवशी तर काय बिघडलं? दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू नेले. तिनं डोळे मोठे केले, हात जोडले आणि पुढच्या सकाळी पुन्हा, "खाव?" मी चिवडा नेला. मग चकल्या, मग शंकरपाळे.

डबा तीही रिकामा परत करायची नाही. नारळाच्या दुधातला चिकट भात, वर आंबा, असं काहीबाही भरून द्यायची. एक दिवस तिच्या सुनेनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आंटी, व्हाय यू गिव्ह सो मच फूड? मम्मी कान्ट कीप अप." तेव्हा खुलासा झाला. ती नुसतं "जेवलीस का?" असं विचारत होती. त्यांच्यात भेटल्यावर तसंच विचारतात. आपल्याकडे तरी दुसरं काय विचारतो? डब्यांची ये-जा मात्र आम्ही दोघींनी चालूच ठेवली.

*

गल्लीत कधीकधी सकाळी एक भन्ते येतात. थाई बायका रांगेत उभ्या राहून त्यांच्या पात्रात भात, फळं घालतात. मीही लाडवांचा पुडा घेऊन उभी राहिले आणि तो त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला, एक कापड पसरलं आणि त्यावर ठेवायची खूण केली. बाईच्या हातून थेट घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. म्हटलं, घ्या, सोवळं कॅनडापर्यंत पोचलं!

एवढ्यात नीलनं पात्रात हात घालून केळं उचललं. सगळी रांग गार. भन्ते खाली बसले, त्यांनी ते केळं सोलून त्याच्या हातात दिलं आणि पोट हलवत हसले. मी नीलच्या वतीनं वाकून नमस्कार केला.

*

पण घरात हसू कमी होत चाललं होतं. कोणीतरी अमेयला सांगितलं की मुलाच्या कानावर फार भाषा पडतात. एका रात्री जेवताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, थोडे दिवस घरात फक्त इंग्लिश बोलूया का? आणि सकाळी त्याला डेकेअरला टाकू." रिया ताटात बघत राहिली. मी "बरं" म्हटलं. इतकं छोटं वाक्य मी आयुष्यात क्वचित बोलले असेन. खोलीत जाऊन रडले, ते सांगून टाकते.

डेकेअरच्या आधीच्या शेवटच्या सकाळी अमेयनं सुट्टी घेतली. तिघं दुकानाकडे निघालो. फुटपाथवर बर्फ होतं, मी जपून पावलं टाकत मागे राहिले. नील बापाचं बोट सोडून दारापर्यंत गेला, वळला आणि माझ्याकडे हात करून खणखणीत ओरडला, "या!"

अमेय जागच्या जागी उडाला. "आई, ऐकलंस? ही सेड येस! या म्हणाला!"

मी म्हटलं, "येस कसलं? मला बोलावतोय. या, आजी, या. बापापेक्षा वळण चांगलं आहे."

इंग्लिश की मराठी, यावर आमची तिथेच बर्फात जुंपली. आवाज ऐकून पा नॉय हात पुसत बाहेर आली. काय झालं ते अमेयनं सांगितलं. ती मान हलवत हसायला लागली.

"नो येस. थाय. डॅडीज मदर, या. एव्हरी मॉर्निंग आय टेल हिम, लुक, युवर या कमिंग."

अमेयनं चष्मा काढला आणि मफलरनं पुसत बसला. आम्ही मोठी माणसं तिथेच रेंगाळतोय हे बघून नीलनं पाय आपटला आणि आणखी मोठ्यानं हाक मारली, "या!"

"आले रे बाबा, आले," म्हटलं आणि गेले.