रेजिनाने बुजवलेलं बावखल

गिरीज गावच्या बागायती वाड्यांत चैत्र लागला की बायकांना टेकायला उसंत नसे. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, उन्हं चढायच्या आत पानवेलींना पाणी सोडायचं, दुपारी अंगणात मिरच्या नि सुकी मासळी उलटीपालटी करायची. त्यात ईस्टर तोंडावर, म्हणून भिंतींना चुना. रेजिना हे सगळं एकटी करायची. तिशीतच तिचा नवरा फ्रेडरिक तापाने गेला होता, पदरात एक मुलगी, क्लारा.

वाडी दोघा भावांत वाटलेली. विहीर धाकट्या दिराच्या, आलोशियसच्या हद्दीत. पण पाणी दोघांचं निम्मं निम्मं, असं सासऱ्याने जाण्याआधी चार माणसांसमोर सांगितलं होतं. १९८१च्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलोशियसने जुना रहाट काढला, विजेचा पंप बसवला आणि तिच्याकडे येणारा पाट मातीने बुजवून टाकला.

रेजिना त्याच्या दारात गेली.

"भावजी, वेलींनी माना टाकल्यात. दोन तास तरी पाणी सोडा."

"पंप माझा, बिल माझं. पाणी तुम्हाला कुठून देऊ, वहिनी?"

"आणि बाबांनी सांगितलेलं?"

"बाबांनी रहाटाचं सांगितलं होतं."

शेजारच्या हंसाने तिला आपल्या विहिरीवर बोलावलं. रेजिना रोज वीस-पंचवीस हंडे वाहायची. खांद्याला फोड आले, तरी फ्रेडरिकने हाताने लावलेल्या आठही ओळी वाळून काटक्या झाल्या. कुंपणापलीकडे पंप धडधडत असायचा, आलोशियसची पानं हिरवीगार डुलायची. गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन घेताना तिने एकच मागणं मागितलं, "त्याचंही वाळू दे."

मग तिने स्वतःच ते मनावर घेतलं.

तिच्या हद्दीच्या टोकाला बावखल होतं, पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. शिमग्यापर्यंत त्यात नुसता चिखल उरायचा, म्हणून कोणी त्याकडे बघत नसे. पण ती नवी नवरी असताना सासऱ्याला तिने विचारलं होतं, हा खड्डा कशाला ठेवलाय? तो म्हणाला होता, "यातलं पाणी जमिनीत मुरतं, म्हणून विहीर गोड आहे. नाहीतर खाडीचं खारं पाणी आत शिरेल."

त्या वर्षी बोळिंजकडे इमारतींचे पाये खणले जात होते आणि ठेकेदाराला माती टाकायला जागा हवी होती. रेजिनाने त्याला निरोप धाडला. मे महिन्यात एकतीस ट्रक आले. प्रत्येक ट्रक रिकामा होईस्तोवर ती छत्री धरून उभी राहिली. चिखलात तडफडणारे मासे तिने आधीच टोपलीत वेचून घेतले होते, त्यांचं कालवण केलं.

आलोशियस कुंपणाशी आला. "इथे काय लावणार, वहिनी?"

"माड."

"बरं केलंत. डास तरी कमी होतील."

कित्येक दिवसांनी रेजिना हसली.

पुढच्या चैत्रात विहीर लवकर खाली गेली. त्याच्या पुढच्या, म्हणजे त्र्याऐंशीच्या चैत्रात पाणी मचूळ झालं. पानांच्या कडा करपल्या. आलोशियसने विहीर आणखी खोल खणली, पाणी आणखी खारट लागलं. रेजिना आता वटारला मोगरा खुडायला रोजाने जायची. परतताना ती मुद्दाम कुंपणालगतच्या वाटेने यायची, थांबायची, किती ओळी गेल्या ते डोळे भरून बघायची आणि मगच घरी जाऊन चूल पेटवायची. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागायचं.

एकदा आलोशियसने तिला वाटेत गाठलं. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. बाबांनी मला सांगितलं होतं. मी विचारलं म्हणून."

वेली उपटून त्याने जागा मोकळी केली आणि पंप विकला.

त्याच आठवड्यात हंसा तांब्या घेऊन तिच्या ओटीवर आली. "घोट घे."

रेजिनाने घेतला. पाणी मचूळ होतं.

"माझ्या विहिरीने तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

रेजिनाने तांब्या खाली ठेवला. हंसाची विहीर आलोशियसच्या विहिरीपासून पन्नास पावलांवर, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने कुदळ घेतली. क्लारा ओरडत राहिली, पण ती खणत राहिली. पुढे मजूर लावले, दोन कोवळे माड काढून टाकले, तरी बावखलाचा चौथा हिस्साच मोकळा झाला. हंसाची विहीर पावसाळ्यापुरती पिण्याजोगी झाली, उन्हाळ्यात पुन्हा तेच. रेजिना चर्चजवळच्या नळावरून दोन हंडे भरून रोज सकाळी हंसाच्या दारात ठेवायची. हंसा ते आत घ्यायची, पण रेजिनाशी बोलायला तिला दोन वर्षं लागली.

खणलेल्या तळ्याने आलोशियसची विहीरही थोडी सुधारली. ते रेजिनाला फार खुपलं. दर उपवासकाळात ती फादरांपुढे गुडघे टेकून हंसाच्या पाण्याचं पाप सांगायची. आलोशियसचं तिने कधीच सांगितलं नाही.