'सगुणा ओव्हरसीज'च्या मालकीणबाई

सगुणाबाईंनी तुपात डिंक टाकला, तो फुलायला लागला आणि दार वाजलं. घरात मोबाइल एकच. तो पहाटेपासून त्यांनी ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवलेला. लेकीला, हर्षालीला, देवळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरी. नवरा हिरामण एकलहऱ्याला, वीजकेंद्रात पहिल्या पाळीला गेलेला.

दारात फौजदार आणि एक महिला पोलीस.

"सगुणा ओव्हरसीजच्या मालक तुम्हीच ना?"

"कशाच्या?"

फौजदारांनी कागद पुढे केला. सगुणाबाईंचा मसाल्याचा परदेशी व्यापार होता म्हणे, आणि तो भलताच तेजीत होता. नकाशात भिंग लावून शोधावं लागेल अशा कुठल्याशा बेटावरून चार महिन्यांत नऊ कोटी आले होते आणि आल्या पावली क्रिकेटच्या सट्ट्याच्या ॲपमध्ये गेलेही होते. मसाला मात्र चिमूटभरही गेला नव्हता. बाईंनी आजवर सगळ्यात लांब मसाला धाडला तो देवळ्याला. दोन किलो, एसटीनं.

"आमच्या गल्लीतला यादव म्हणला, मावशी, नुसतं खातं उघडायचं. महिन्याला दोन हजार, घरबसल्या. बाकी वरचे लोक बघतेत."

यादवच्या मोबाइलच्या दुकानाला तीन दिवसांपासून कुलूप होतं. मुलगा पहिल्यापासूनच दूरदृष्टीचा.

मग फौजदारांनी पुरावा दाखवला: खातं उघडतानाचा व्हिडिओ. ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर. बँकेचा साहेब विचारतो, "पूर्ण नाव सांगा." आता नवऱ्याचं नाव असं कोरडं कसं घ्यायचं? बाई लाजून म्हणतात,

"तव्यावर भाकर, भाकरीवर तूप,
हिरामणरावांचं नाव घेते, सही करते गुपचूप."

नऊ कोटींच्या उलाढालीबाबत कंपनीचं अधिकृत निवेदन एवढंच. बँकेनं तेही मंजूर केलं होतं. बँक रसिक असावी.

महिला पोलीस खुदकन हसली. फौजदारांची नुसती मिशी हलली.

"मावशी, चौकशीला चला. आणि हा मोबाइल जप्त होणार."

सगुणाबाईंनी गॅस बंद केला. मोबाइलला लागलेलं तूप पदरानं पुसलं. तो फौजदारांच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"न्या साहेब. पण वाजला तर उचला. लेक दवाखान्यात हाय. पोरगं का पोरगी, ते नका सांगू. ती सुखरूप हाय का, तेवढं मला सांगा."