आमच्यात ते नाव घेत नाहीत

माझी भाची हुशार आहे. हे मी आत्या म्हणून सांगत नाही. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई म्हणून सांगते, आणि त्या पस्तीस वर्षांत मी कुणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही. तिला अकोल्याला शेतकीच्या कॉलेजात जागा मिळाली. म्हणजे अर्धी मिळाली. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत नेऊन दिलं तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या पोरीची. माझा भाऊ नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आमच्या गावी वांगी आणि मेथी पिकवतो. तो बी.ए. आहे, पण सरकारी कागद दिसला की एकदम अंगठेबहाद्दर होतो. त्यानं अमरावतीला मला फोन केला.

"ताई, तू मास्तरीण. हे तूच पाह्य."

मी पाहायला घेतलं आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

हवी होती एकच गोष्ट. आमच्या घराण्याची जुन्यात जुनी नोंद, जातीच्या उल्लेखासकट. माझे आजोबा दोन यत्ता शिकले होते आणि त्यांच्या शाळेचं रजिस्टर अजून जिवंत होतं. त्यात आजोबांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं नाव 'उत्तम' असं सुवाच्य अक्षरात होतं, आणि जातीचा रकाना वाळवीनं खाल्ला होता. अख्ख्या पानात नेमका तेवढाच. आपल्याकडे वाळवीसुद्धा जात पाहून खाते.

ठीक आहे म्हटलं, उत्तमरावांना आणखी मागे जाऊन गाठू. 'राव' आम्हीच लावलेलं. माझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून पणजोबा उत्तमराव उभे होते: फेटा, मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. फोटो नव्हता हे बरंच होतं, कारण फोटो नसला की मिशा हव्या तेवढ्या वाढवता येतात. मी वर्गात पोरांना सांगायचे, आमच्या पणजोबांचं नावच उत्तम, म्हणून आमच्या घरात गबाळं अक्षर चालत नाही.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं होती. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवालानं कळवायचं आणि ते वहीत चढायचं, ती ही बुकं. तिथल्या बाबूनं लाल फडक्यातलं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "नाव सांगा."

"उत्तमराव."

तो हसला. "बाई, त्या टायमाले तुमच्या गावात कोणीच राव नव्हतं. सारे अरे-तुरेच होते."

मला राग आला, पण त्याच्या हातात बुकं होती, म्हणून गिळला. बुकं उघडली तर सगळं मोडीत. मी मराठीची शिक्षिका. पस्तीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांना रडवलं, आणि इथं माझ्या गावाची पानं माझ्यापुढं उघडी पडलेली, एक अक्षर लागेना. निरक्षर बाई पोस्टकार्ड उलटंसुलटं करून पाहते तशी मी त्या पानांकडे पाहत होते. बाबूनं गावाच्या सगळ्या पानांच्या नकला करून दिल्या आणि वर सल्लाही दिला की अकोल्याला एक चाचा आहेत, ते वाचतात.

भाचीला घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. चाचा म्हणजे निवृत्त अर्जनवीस. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. मोडी त्यांना वडिलांनी शिकवली, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. वय ऐंशीच्या पुढं, भिंग हाताएवढं. चहा आला, खारी आली, मग त्यांनी पानं हातात घेतली आणि घडाघडा वाचायला लागले. मला इतकी लाज वाटली की मी खारी खालीच ठेवली.

"कचऱ्या," ते म्हणाले. "धोंड्या. दगड्या. फकिऱ्या. परत कचऱ्या. हा केरबा. हा उकंडा." भिंगाच्या वरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, हे गाव हाय का कचऱ्याची गाडी?"

भाची खो खो हसली. मी मात्र धडा शिकवायच्या आवाजात सांगितलं, की पूर्वी पोरं जगत नसत. दोन-तीन गेली की पुढच्या पोराला उकिरड्यावर लोळवून आणायचे आणि नावही तसलंच ठेवायचे, म्हणजे मरणाला वाटावं, हे काय न्यायचं.

"आमच्यात बी असंच होतं," चाचा म्हणाले. "घसीटा, म्हणजे फरफटवलेला. माझ्या सगळ्यात मोठ्या चुलत्याचं नाव. मस्त जगला, शंभरीले टेकला."

मग ते एका पानावर थांबले. एकाच माणसाच्या नावापुढं तीन नोंदी होत्या. मुलगा, मयत. मुलगा, मयत. मुलगा, मयत. नावं नव्हतीच, बारशापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. चौथी नोंद: मुलगा, आणि वर वेगळ्या शाईत, उकंडा. भाचीचं हसू थांबलं. चाचांनी बऱ्याच पुढचं पान काढलं. "आणि हे पाहा. उकंडा याले मुलगा झाला." वर पुन्हा वेगळ्या शाईत त्या मुलाचं नाव.

ते नाव माझ्या आजोबांचं होतं. शेजारी जात, ठसठशीत.

"हे आमचे नाहीत," मी म्हणाले.

"गाव तुमचं?"

"हो."

"नाव तुमच्या आजोबाचं?"

"हो. पण आमचे पणजोबा उत्तमराव."

चाचांनी भिंग खाली ठेवलं. "बाई, मी पन्नास वर्षं लोकायचे अर्ज लिहिले. लोक बाप बदलत नाहीत, बापाचं नाव बदलतात."

परतीच्या गाडीत मी त्या नकला पिशवीच्या तळाशी कोंबल्या. भाची मात्र खिडकीशी बसून मजेत होती. "आत्या, उकंडा मस्त आहे," म्हणाली, "उत्तमपेक्षा तरी खरं वाटतं." मी तिला गप्प बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावी गेले. आमच्या घरात आता सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे काकू, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. नव्वदीला आलेली, दात शून्य, कान शाबूत. ती अंगणात लसूण सोलत बसली होती. मी सरळ विचारलं, "काकू, आपल्या घरात उकंडा कोण होते?"

काकूच्या हातातला लसूण पडला. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आंधी तोंड धुऊन ये," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचं असं नाव घेतात काय वं? मास्तरीण झाली म्हणून काय झालं!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळा गाव घरामागच्या शेणाकचऱ्याच्या ढिगाला, उकिरड्याला, उकंडा म्हणतो. आमच्या घरातल्या बायका मात्र कधीच म्हणाल्या नाहीत. आई म्हणायची, "शेण तिकडं टाक." काकू म्हणायची, "तिकडचं खत वावरात न्या." सुनांनी वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, तर त्या नावाचा शब्दही घ्यायचा नाही, असा सासूचा दंडक. मला वाटायचं आमच्या बायका फार स्वच्छतेच्या, त्यांना घाणीचं नावही नको. घाण कसली, ते आजेसासरे होते!

मग उत्तम आला कुठून? काकूनं सासूकडून ऐकलं होतं ते सांगितलं. आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. पोरानं सांगितलं. मास्तर म्हणाले, हे काय नाव आहे, आणि त्यांनी आपल्या मनानं उत्तम लिहून टाकलं.

हे ऐकून मी मान खाली घालून काकूचा सांडलेला लसूण वेचायला लागले. कारण आता खरं सांगायचं तर हा धंदा मीही केला आहे. पहिलीचे प्रवेश करताना कचरू आला की कांचन, दगडू आला की दिगंबर. आईबापांना विचारायचेसुद्धा नाही. मला वाटायचं मी पोरांचं कल्याण करते आहे. उद्या त्या दिगंबरांची पणतवंडं कुठल्या तरी अभिलेख कक्षात बसून माझ्या नावानं बोटं मोडणार आहेत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आम्ही सगळे कागद लावून दिले. पडताळणी समितीचं उत्तर आलं: शाळेत उत्तम, कोतवाल बुकात उकंडा, दोघे एकच कशावरून? चौकशी अधिकारी घरी येऊन घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीचा जबाब घेतील. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

अधिकारी आले. माणूस सभ्य होता, चपला बाहेर काढून आत आला. काकूला खुर्चीवर बसवलं तर ती खाली उतरून बसली, मग अधिकारीही खाली बसले. त्यांनी कागद मांडीवर घेतला.

"आजी, तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव सांगा."

काकू भिंतीकडं पाहत राहिली.

"आजी?"

"मागं हायेत ते," काकू म्हणाली. "घरामागं. जाऊन पाहा."

अधिकारी दचकले. "घरामागं? म्हणजे... तिथं पुरलंय?"

भाऊ तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. काकू काठी टेकत उठली, अधिकाऱ्यांना घेऊन मागच्या दारी गेली आणि काठीनं ढीग दाखवला. दोन कोंबड्या तिथं उकरत होत्या.

"हे काय?" अधिकारी म्हणाले.

"तेच."

"आजी, 'तेच' असं लिहिता येत नाही मला."

"मी सांगते," मी पुढं झाले. "त्या ढिगाला..."

"बाई, तुम्ही नका बोलू. त्यांनी स्वतः सांगितलं तरच तो जबाब. तुम्ही सुचवलं तर मला तसं लिहावं लागेल."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी वर्गात गप्प बसवलं. सगळे परत आत आले. काकूचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. सत्तर वर्षांहून जास्त काळ जो शब्द तिनं शेणाच्या पाटीबरोबरही उच्चारला नाही, तो आता परक्या पुरुषासमोर उच्चारायचा होता. भाचीला तिची दया आली. ती काकूजवळ जाऊन बसली.

"आजी, राहू दे. नको घेऊस. मी पुढच्या वर्षी बघीन."

मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पुढच्या वर्षी काय जागा झाडाला लागणार आहे? आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले, हेही खरं.

काकूनं भाचीकडं पाहिलं. "कावून राहू देऊ?" ती म्हणाली. "बारा बुकं शिकली, अन् मह्या एका शब्दासाठी वांगे खुडत बसशीन?"

तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, आमच्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड करून हात जोडले. "बाबाजी, पोरीसाठी घेऊन राहिली. माफ करजा." आणि मग अगदी हळू पण स्पष्ट म्हणाली, "उकंडा."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. "आणि उत्तम कोण, आजी?"

"तेच. शाळेतल्या मास्तरनं बदललं. मास्तर लोकायले खोड असते."

मी छताकडं पाहिलं.

जबाब लिहून झाला की वाचून दाखवायचा नियम. अधिकारी वाचायला लागले. पहिल्यांदा ते नाव आलं तेव्हा काकूनं मान खाली घातली आणि हात जोडले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी अधिकारी थांबले, तिच्याकडं पाहिलं आणि कागदावर नाव असूनही वाचलं, "माझे आजेसासरे, ते." पुढं शेवटपर्यंत त्यांनी 'ते'च वाचलं. काकूनं अंगठा दिला. ते गेल्यावर तिनं मिठाच्या पाण्यानं चूळ भरली आणि त्या दिवशी जेवली नाही. आम्ही कुणी आग्रहही केला नाही.

प्रमाणपत्र मुदतीच्या दोन दिवस आधी हातात पडलं. ते घेऊन मी आधी गावी गेले. भाची आणि भाऊ वावरात होते. काकू ओसरीवर एकटीच होती.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

सोबत वंशावळीचा कागद जोडलेला होता. मी वरून वाचायला लागले. पहिलंच नाव ते होतं. मी अधिकाऱ्यांचं पाहून शहाणी झाले होते, म्हणून म्हणाले, "ते." काकूनं समाधानानं मान हलवली. मग आजोबा आले, काकूनं पदर ओढला, मी तिथंही "ते" म्हणाले. वडिलांना "ते", भावाला नावानं. आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत, भाचीचं नाव होतं. मी तेही त्याच ओघात, हळूच वाचलं.

"असं काय तोंडातल्या तोंडात वाचतं?" काकू खेकसली. "तिचं जोरानं वाच. चार घरं आयकू गेलं पाह्यजे."

मी खाकरले आणि वर्गात हजेरी घेताना घ्यायचे तसं भाचीचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून दारात आली.

काकूनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"आखीन एकदा," ती म्हणाली.