क्योटोला पंधरा जण

माउंट रोडवरच्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता आपण कायम विमानांत! कसलं काय, अडकलो माणसांत. त्यात आमच्या तंजावरी मराठी मंडळींनी क्योटोला जायचं काढलं. मग तर घरी एक किस्सा सांगून होईतो दुसरा तयार असायचा.

मूळ खूळ माधवराव मास्तरांचं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, डोळे मिटून फळ्यावर जपान काढायचे, पण स्वतः रामेश्वरापलीकडे गेलेले नाहीत. रिटायर झाल्यावर म्हणाले, जपानची ती जुनी राजधानी एकदा बघायचीच. एकट्याचं तिकीट पेन्शनीत बसेना. आमचे मालक सुंदरम सार यांनी तोड काढली. पंधरा जण जमले तर ग्रुपचं स्वस्त भाडं, तेही फक्त मंगळवारच्या विमानाला. एक जरी गळला तरी सवलत गेली. मास्तर त्याच संध्याकाळी टी. नगरात घरोघर फिरायला लागले.

*

रस्ता असा: सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो, पुढे रेल्वेनं क्योटो. मी नकाशावर बोट फिरवून एका काकांना समजावला. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मी हाँगकाँगलाच उतरलो तर किती कमी कराल?"

सार म्हणाले, "काही नाही. पण तुमची खिडकी दुसऱ्याला देईन."

काका क्योटोपर्यंत यायला तयार झाले.

*

तेव्हा सरकार परदेशी चलन तळहातावर तीर्थ द्यावं तसं द्यायचं. म्हणजे खाण्याची सोय आपली आपण. सीताअक्कांनी सांबारपोडी, लोणची, कॉफीचा फिल्टर, सगळं बांधून बॅग वजन करायला आणली. काटा पार टोकाला! जास्तीचं भाडं पडेल, असं सार म्हणाले.

"माणसाचं वजन धरत नाहीत का?"

"नाही अम्मा."

अक्कांनी शेजारी बसलेल्या मास्तरांना वरून खाली न्याहाळलं. "मास्तर एवढे वाळलेले. त्यांचं उरलेलं वजन माझ्या नावावर टाका की!"

*

अक्कांचे यजमान राजाराम अण्णा. हा माणूस पंचांग बघितल्याशिवाय नखंसुद्धा काढत नाही. कॉलऱ्याची लस टोचायला सगळ्यांना डॉक्टरकडे नेलं, तर अण्णांनी बाही वर करून घेतली आणि म्हणाले, वेळ वाईट आहे, जरा थांबू. डॉक्टरांनी सुई ठेवली, डबा उघडला, दहीभात खाल्ला, हात धुतला. मग अण्णांनी दंड पुढे केला.

*

सगळं जमलं, पासपोर्ट आले आणि अण्णांना कळलं की मंगळवारचं विमान नेमकं राहुकाळात उडतं. ऑफिसात येऊन सांगून गेले, "मी येत नाही."

राहिले चौदा. सार काय समजावणार? ते स्वतः राहुकाळात ऑफिसचं कुलूप उघडत नाहीत! मास्तर नुसते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "प्रस्थान ठेवू या."

ही आपली जुनीच रीत. आधी चांगला मुहूर्त बघून आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. मग निघताना कुठलाही काळ असो. फक्त ठेवलेली वस्तू परत घरी न्यायची नाही, पुढेच न्यायची. अण्णांना निरोप गेला. उलटा निरोप आला, "रीत बरोबर आहे. पण मी माझं काही ठेवणार नाही."

रविवारी सकाळी मुहूर्तावर आमच्या ऑफिसात रांग लागली. कुणाची पिशवी, कुणाची छत्री, मास्तरांचा जुना ॲटलास. शेवटी सीताअक्का आल्या, मागून सोबत म्हणून अण्णा.

मास्तरांनी विचारलं, "अक्का, तुमची वस्तू?"

अक्कांनी अण्णांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "ही माझी. मंगळवारपर्यंत जपा."

आणि मागे न बघता निघून गेल्या.

अण्णा उठायला गेले. अर्ध्यात थांबले. मास्तरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा बसले.

मग त्यांनी सारांना हळूच विचारलं, "मला माणसात धरणार, की सामानात?"