मैथिलीच्या बाबाचं बंगळूर

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तरी अनघा खिडकीबरोबर चालत बजावत होती, "ताई, हिला बाहेरचं पाणी देऊ नका." अनघा माझी पूर्वीची भावजय. तिचा आणि माझ्या धाकट्या भावाचा, निखिलचा, घटस्फोट झाला. तिचा आणि माझा झालेला नाही, त्यामुळे आमचं जाणंयेणं चालू आहे. त्यांची दहा वर्षांची मैथिली पहिल्यांदाच बाबाच्या घरी निघाली होती. एवढे दिवस बाबा फोनच्या पडद्यावरच भेटायचा. पोचवायला मी, आत्या.

सकाळी बंगळूरच्या येलहंका स्टेशनवर उतरलो तर निखिलचा पत्ता नाही. तो राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडवर. फोनवर म्हणाला, "ट्रॅफिक आहे, स्वल्प वेळ लागेल." स्वल्प म्हणजे थोडा. आमची इडली संपली, दुसऱ्यांदा मागवलेलीही संपली, स्वल्प काही संपेना. शेवटी तो धावत आला आणि मिठी मारायला गुडघ्यांवर बसला. मधल्या काळात मुलगी वाढली होती. तिलाच वाकून त्याच्या गळ्यात पडावं लागलं.

त्याचं घर बाराव्या मजल्यावर. खिडकीतून एक तळं आणि तळ्यापेक्षा जास्त अर्धवट इमारती दिसतात. मैथिलीची खोली त्याने हौसेने सजवली होती: गुलाबी भिंती, छोटा पलंग, आधाराची चाकं लावलेली सायकल. मैथिली "छान आहे" म्हणाली. पाहुण्यांनी आणलेला न आवडलेला पेढा ती याच सुरात घेते.

दुपारी तिने मला हळूच विचारलं, "आत्या, हे सगळं कुणासाठी आहे?"

"तुझ्यासाठीच की."

"नाही. मी लहान होते ना, तिच्यासाठी आहे. बाबाला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी निखिलच्या एका सहकाऱ्याच्या आत्याकडे, चामराजपेटला जेवायला गेलो. त्यांना सगळे अक्का म्हणतात. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. अक्कांचं मराठी आपलंच वाटतं, फक्त मधूनच कन्नड गल्लीत वळतं. पानात सारू (आपल्या आमटीचा पातळ भाऊ) वाढताना त्यांनी सहज विचारलं, "हिची आई नाही आली का रे?"

"सुट्टी नाही मिळाली तिला," निखिल म्हणाला.

"सुट्टी आहे," भात कालवता कालवता मैथिली म्हणाली. "आईबाबांचा घटस्फोट झालाय, म्हणून नाही आली."

निखिलचा घास हातातच राहिला. अक्कांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "सरी," त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. "सारू स्वल्प वाढू?"

"वाढा," मैथिली म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर निखिलने मैथिलीचा हात धरला. मग म्हणाला, "लोकांना सांगायची लाज वाटते ग मला."

"माझी?"

"छे, तुझी कशी? माझी."

"मी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलंय. एकदाच सांगावं लागतं."

तो थांबला. मागून रिक्षा हॉर्न मारत होत्या. "मला काही सांगायचं राहिलंय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागले. ती कन्नडमध्ये होती.

"पलंग आखूड आहे," ती म्हणाली. "सायकलला ती चाकं नकोत. आणि गुलाबी मला आता आवडत नाही."

"मग कुठला रंग आवडतो?"

"ते अजून ठरायचंय."

उरलेले दिवस दोघं त्या खोलीतच रमले. पलंग बाहेर गेला, गादी जमिनीवर आली. इंजिनिअर असलेल्या माझ्या भावाने सायकलची दोन चाकं काढताना बोटं सोलून घेतली. मग मैथिली इमारतीभोवती सुसाट फिरली आणि तो काही गरज नसताना मागे धावत राहिला.

निघताना तिने विचारलं, "बाबा, तू सोलापूरला का येत नाहीस?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही, असं आई म्हणते."

निखिलने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी काही ती केली नाही. "दिवाळीत येतो," तो म्हणाला.

बंगळूर कसं आहे, असं विचाराल तर तिथल्या बागा आणि राजवाडे मला ठाऊक नाहीत. एक बाप आपल्याच मुलीची ओळख करून घेताना पाहिला, त्यात दिवस गेले आणि वाया गेले असं वाटलं नाही.

सोलापूरला अनघा न्यायला आली होती. दिवाळीची बातमी ऐकून ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "येईल ना नक्की? ही वाट बघत बसते हो मग."

मैथिलीने ऐकलं होतंच.

"नाही आला तर मी जाईन," ती म्हणाली. "रस्ता कळलाय मला आता."