आतोबांची पाल आणि पिशवी झटकण्याचा नियम

पालींवर माझ्या आत्याच्या यजमानांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. आणि पालींचाच इतका संशय घेणाराही नाही. आतोबांची लाडकी पाल राहते कोपरजवळच्या खाडीतल्या एका बेटावर, खारफुटीच्या सालीखाली. आपल्या घरातल्या पालीपेक्षा बुटकी, काळपट, शेपटीने जाड आणि कमालीची निर्भय. हात पुढे केला तर बोटावर चढून बसते. "बेटावर मांजर नाही. घाबरायचं कुणाला?" आतोबा लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगतात. पण "म्हणजे नवी जात?" असं विचारलं की वकिलासारखे सावध होतात. "वेगळी आहे असं नाही म्हणत मी. वेगळी व्हायला निघालीय. हजारो वर्षांचं काम आहे, आपण लुडबुड करायची नाही."

लुडबुड म्हणजे काठावरची पाल बेटावर नेणं; ती तिथल्या पालींत मिसळली की त्यांचं वेगळेपण पुसलं जाणार. म्हणून होडीत बसण्याआधी प्रत्येकाने पिशवी, छत्री, चपला झटकायच्या. एकदा त्यांनी आत्याला अंबाडा सोडायला लावला; त्यानंतर आत्या बेटावर गेली नाही. होडीवाला वैतागायचा, "काका, पाल हाय ती, वाघ नाय!" मी तर चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली, प्रवेशबंदी म्हटलं की माझं डोकं फिरतं. "ही शिवाशिव झाली, आतोबा!" मी काठावरच सुनावलं. ते माझी झोळी शांतपणे उलटी करत म्हणाले, "अगं, माणूस आपल्या पायाने जातो, त्याला अडवणारा नालायक. पालीला आपण झोळीतून नेतो आणि तिथल्या पालीचं घर मोडतं. मग दंडेली कुणाची?" त्यांच्याविरुद्ध काढायचं पत्रक तिथेच बारगळलं.

गेल्या हिवाळ्यात बेटावर उतरल्यावर आतोबांनी उन्हासाठी छत्री उघडली, आणि तिच्यातून एक फिकट पाल टपकून पळाली. सगळ्यांच्या चपला झटकण्याच्या नादात स्वतःची छत्री राहिली होती! चष्मा तिरका, गुडघे चिखलात, असे ते मुळांमधून रांगत सुटले. शेवटी जेवणाच्या डब्याचं झाकण टाकल्यावर ती त्याखाली सापडली. होडीवाला हसून हसून लोळला. "सापडली ना? मग झालं तर," मी म्हटलं.

"ही सापडली गं. याआधी मीच किती आणल्या, कोण सांगणार?"

तेव्हापासून ते बेटावर जात नाहीत. नियम त्यांचाच, मोडणारा कुणी असो, होडीत बसणार नाही. रविवारी काठावर दुर्बीण घेऊन बसतात. तिच्यातून बेटावरची पाल दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी निघाले की माझी झोळी दोनदा झटकतात. परतले की विचारतात, "बोटावर चढली का गं?"

"चढली," मी सांगते.

मग ते स्वतःच्या बोटाकडे जरा वेळ बघत बसतात.